बोटांची हजेरी

राणेबाईंच्या दाराला आतून कडी नसायची. दार नुसतं लोटलेलं आणि मागे एक पाट टेकवून ठेवलेला. रात्री कडी लावणं कसंबसं जमायचं, पण सकाळी ती काढणं त्यांच्या बोटांच्या हातात राहिलेलं नव्हतं. एकदा तासभर आतच अडकून पडल्या, तेव्हापासून कडी सुटली ती सुटलीच. चोर आला तर काय कराल, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, चहा टाकायला सांगेन.

मी सकाळी पाट सरकवून आत जायचे तेव्हा बाई खाटेवर पाय सोडून बसलेल्या असायच्या. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून त्या बोटांची हजेरी घ्यायच्या. अगदी वर्गातल्या आवाजात. "उजवा अंगठा?" अंगठा जरासा हलायचा. "हजर. तर्जनी?" तर्जनी जागची हलायची नाही. "उशिरा येणार. मधलं बोट?" ते थरथरायचं. "आजारी, पण आलंय. करंगळी?" करंगळी पार आडवी होऊन शेजारच्या बोटावर पडलेली. "गावी गेली ती गेलीच, नाव कमी करा."

मला पोस्टात वेळेवर पोचायचं असायचं. त्यांच्या ब्लाउजचे हूक लावायचे, अंबाडा घालून द्यायचा आणि पळायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे मी कधीकधी वैतागून म्हणायचे, बाई, आज वर्ग लवकर सोडा. पण हजेरी पूर्ण झाल्याशिवाय त्या हात पुढे करायच्या नाहीत. मुलं आलीत की नाही हे बघितल्याशिवाय शिकवायला सुरुवात करायची नसते, म्हणायच्या.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला. बाई वरच्या मजल्यावर, आमच्या शेजारी, आई-वडील गेल्यावर एकट्याच राहिलेल्या. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नव्हती. महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग. मूळच्या कुडाळकडच्या, पण बोलणं शाळेतलं, स्वच्छ. मालवणी बाहेर यायची ती फक्त रागात. खडू बोटांत धरवायचा नाही म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून तो जाड करायच्या आणि मूठ वळेल तशी वळवून लिहायच्या. अक्षर मोठं, तिरकं, पण वाचता येणारं. चहा कपातून न घेता वाटीतून, दोन्ही तळव्यांत धरून प्यायच्या. दार कोपरानं ढकलायच्या. भाजी विळीवर चिरायचा हट्ट मात्र सोडायच्या नाहीत, आणि दर आठवड्याला कुठं ना कुठं कापून घ्यायच्या. औषधांनी कातडी पातळ झालेली, जरा काही लागलं की फाटायची.

या बोटांची एक गोष्ट होती आणि ती आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होती. बारा-एक वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, विषमज्वराची साथ पसरली आणि महापालिकेची माणसं शाळेत सुया घेऊन आली. पोरांनी रडून वर्ग डोक्यावर घेतला. बाईंनी बाही वर केली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः सुई टोचून घेतली. म्हणाल्या, बघा, मुंगी चावली. रांगेत पहिली उभी होती ती नंदा नावाची मुलगी. बाईंनी तिचा हात धरला आणि तिनं डोळे मिटून दंड पुढे केला. मग सगळा वर्ग मुकाट्यानं टोचून घेऊन मोकळा झाला.

त्या रात्री बाईंना ताप भरला, दंड सुजला. ते बऱ्याच जणांना झालं. पण त्यानंतरच्या महिन्यांत बाईंची बोटं सुजत गेली आणि हळूहळू वाकली. पोरांनी दोन्ही गोष्टी डोळ्यांनी बघितल्या होत्या, सुई आणि बोटं. घरी जाऊन त्यांनी दोन्ही एकामागोमाग सांगितल्या. आयांनी त्यांची गाठ मारली आणि ती पुन्हा कुणाला सोडवता आली नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरोघरी आल्या की आमच्या गल्लीतली दारं लागायची. कुणी वाद घातलाच तर बायका म्हणायच्या, राणेबाईंची बोटं बघून या, मग बोला.

बाईंनी स्वतः कधी म्हटलं नाही की सुईनं झालं. नाही झालं, असंही म्हटलं नाही. कुणी विचारलं तर हसून "देवाक म्हायत" म्हणायच्या. मला वाटतं त्यांनाही आतून तसंच वाटत असावं. आपलं चांगलं शरीर पोरांसाठी पुढे केलं आणि ते बिघडलं, ही समजूत दुखऱ्या माणसाला थोडा आधार देत असणार. याला मी दोष देत नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. पण ती रांगेतली पहिली मुलगी मोठी झाली आणि लग्न होऊन आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या परबांची सून होऊन आली. तिच्या वडिलांची गिरणी संपानंतर पुन्हा उघडलीच नाही, म्हणून आई-वडील बिऱ्हाड मोडून कणकवलीजवळच्या गावी गेले होते. नंदाला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे त्या गावी, हे न बोलता ठरलेलं होतं. गावात दवाखाना नव्हता. सुईण होती. आरोग्य केंद्रातून निरोप आला की धनुर्वाताच्या दोन सुया घ्यायला पाठवा, एकीनंतर महिन्यानं दुसरी. नंदाच्या सासूनं, परबकाकूंनी, दार लावलं.

बाईंनी पहिल्यांदा ते फारसं मनावर घेतलं नाही. पण एका दुपारी परबकाकू वर तांदूळ निवडायला येऊन बसल्या आणि बोलता बोलता आपल्या पहिल्या मुलाबद्दल बोलल्या. गावीच झाला होता. चांगला गुटगुटीत होता. आठव्या दिवशी त्यानं दूध तोडलं, जबडा लागला, अंग धनुष्यासारखं वाकलं. कुणाची तरी दृष्ट लागली, असं म्हणून काकूंनी खडे बाजूला टाकले. बाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. काकू खाली गेल्यावर त्या मला म्हणाल्या, शालू, त्या बाळाला दृष्ट नाही, धनुर्वात झाला होता गं. आणि आता नंदा त्याच वाटेनं चालली आहे, माझी बोटं बघून.

मी म्हटलं, तुम्ही सांगा ना तिला. त्यांनी सांगितलंही. पण सांगताना हात पदराखाली घ्यायचे राहिले, आणि नंदा सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होती. काकू तर तोंडावर म्हणाल्या, "सरकारची भाकरी खातत, सरकाराचाच बोलतले." बाई वर आल्या त्या कोपरानं दार आपटतच. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"माझ्या बोटांका तोंड नाय," त्या म्हणाल्या, "म्हणान गाव त्यांच्या वतीन बोलता."

दुसऱ्याच दिवशी त्या रजा टाकून इस्पितळात निघाल्या, मला सोबत घेऊन. तिथल्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, बोलायला तुसड्या, पण प्रश्न विचारला तर ऐकून घेणाऱ्या. हा म्हातारपणाचा संधिवात नव्हे, यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, हे त्यांनीच बाईंना समजावलेलं होतं. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, त्या शाळेतल्या सुईनं माझी बोटं वाकली का, खरं सांगा. डॉक्टरांनी उलट विचारलं की सकाळी बोटं आखडायला पहिल्यांदा केव्हा लागली. बाईंनी मागचे महिने एकेक करून आठवले. मग म्हणाल्या, त्या सुईच्या आदल्या जूनमध्ये. शाळा उघडली त्या आठवड्यात हातातून खडू सारखा पडायचा. सुट्टीनं हात आळसावलाय, असं वाटलं होतं.

हे त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बहुतेक स्वतःलाही नाही.

डॉक्टर म्हणाल्या, मग दुखणं आधी आलं, सुई नंतर आली. बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. माझ्यासारख्या माणसांना सुईनं त्रास होतच नाही, असं छातीठोक सांगाल का, असं विचारलं. डॉक्टर हातातलं पेन फिरवत राहिल्या. "नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या रोग्यांच्या बाबतीत कुणी हे पुरेसं तपासलेलंच नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच की धनुर्वाताच्या सुईत जिवंत जंतू नसतो. जिवंत जंतूची लस असेल तर या गोळ्या चालू असताना मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. ही मात्र घ्या. तुमचे हात रोज कापतात, तुम्हालाच हिची गरज आहे. दोन दिवस दुखेल. गोळ्यांमुळे हिचा गुण थोडा कमी येईल कदाचित, तरी घ्या."

बाहेर आल्यावर बाई खुशीत होत्या. वाटेत मला वडापाव खाऊ घातला. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्यच त्यांनी घट्ट धरून ठेवलंय, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात नंदाच्या दारात जाऊन त्या म्हणाल्या की मी धनुर्वाताची सुई घेणार आहे, तू नुसती बघायला ये. नंदाचा नवरा कामावर होता, काकू देवळात होत्या. नंदानं चपला घातल्या. मीही गेले. आरोग्य केंद्राच्या बाकावर बाईंनी बाही वर केली, नंदाला शेजारी बसवलं. सुई गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"मुंगी?" नंदानं विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "सुईच आहे. दुखतं."

नंदा हसली आणि मग एकदम रडायला लागली. नर्सबाई दुसरी सुई भरत होत्या. नंदानं दंड पुढे केला आणि दुसऱ्या हातानं बाईंचं मनगट धरलं, बोटांना लागणार नाही असं.

चौथ्या सकाळी मी पाट सरकवून आत गेले तर हजेरी चालू नव्हती. बाई आडव्याच होत्या. बोटं सुजून लाल झालेली, गुडघे तसेच, मान वळेना. म्हणाल्या, आज शाळेला सुट्टी. मी पाणी पाजलं, चहा चमच्यानं भरवला आणि मनात म्हटलं की वाट लागली, गल्लीतल्या बायका बरोबर होत्या. औषधाची गोळी द्यावी म्हणून मी त्यांचा खडूचा जुना डबा उघडला. त्यात त्या गोळ्या ठेवायच्या. डबा जवळजवळ भरलेला होता.

मी विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं. गोळ्यांनी सुईचा गुण कमी येतो, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मग घ्यायचीच तर पूर्ण गुण येईल अशी घ्यावी, म्हणून सुईच्या आधीपासून गोळ्या बंद. आयुष्यभर पोरांना अर्धवट गृहपाठाबद्दल ओरडलेल्या बाई, त्यांनी अर्धवट सुई कशी घेतली असती. मला इतका संताप आला की मी डबा आपटला. अशा बुद्धिवान बाईनं असा गाढवपणा करावा याचा राग, आणि तो गाढवपणा मला आधी दिसला नाही याचाही.

मी त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फार सुनावलं. स्टिरॉइडच्या गोळ्या अशा एकाएकी तोडल्या तर काय होतं ते समजावलं, जीवही गेला असता म्हणाल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तरीही विचारलं, यात सुईचा वाटा किती. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांचा सगळ्यात मोठा. सुईचा थोडा असेल किंवा नसेलही, तुम्ही दोन्ही एकदम केलंत, आता मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

खरी पंचाईत इथून पुढे सुरू झाली. नंदाची दुसरी सुई महिन्यानं होती. बाई म्हणाल्या, तिला हे सांगितलं तर गोळ्यांचं कुणी ऐकणार नाही, बोटं सुजली एवढंच ऐकतील. म्हणून त्यांनी लपवायचं ठरवलं. शाळेत जायच्या वेळेला मी त्यांच्या दंडात हात घालायचे आणि आम्ही गप्पा मारत असल्यासारख्या जिना उतरायचो. प्रत्येक पायरीला त्यांची बोटं माझ्या हातात रुतायची. परबांच्या दाराशी आलो की त्या हसायच्या, हात पदराखाली घ्यायच्या, आणि "काय गं नंदा, जेवलीस का," असं काहीतरी सकाळी सकाळी विचारायच्या. शाळेत दिवसभर खुर्चीत बसून राहायच्या. खडू मुलांच्याच हातात द्यायच्या.

एकदा जिना चढून आल्यावर, दम लागलेला असताना, त्या मला म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्याला मी बाकावर उभं करते, शालू. मला कुणी उभं करायचं?"

मी त्यांचा अंबाडा सोडला आणि तेल लावत बसले. मला त्यांची दया येत होती आणि भीतीही वाटत होती. उद्या नंदाला काही झालं असतं तर बाई त्यातून उठल्या नसत्या, आणि दुसरी सुई न घेता ती गावी गेली असती तरीही उठल्या नसत्या.

नंदानं दुसरी सुई घेतली. कुणाला सोबत न घेता एकटीच गेली आणि वर येऊन दंड दाखवून गेली. पुढे एसटीनं गावी गेली. मूल झाल्याची खबर तिच्या नवऱ्यानं आणली, मुलगा झाला, सुखरूप आहे. पण बाईंना सुखरूप या शब्दावर विश्वास नव्हता. त्या दिवसांत त्या जेवायच्या नाहीत धड. आठव्या दिवशी संध्याकाळी परबकाकू वर आल्या. पाट सरकवून आत आल्या आणि बाईंच्या खाटेवर, त्यांच्या शेजारी बसल्या. दिवेलागण झाली तरी काकू उठेनात. शेवटी काकूंचा मुलगा स्टेशनाजवळच्या दुकानातून फोन करून आला आणि त्यानं खालूनच ओरडून सांगितलं की बाळ दूध पितंय. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. कोणत्या बाळासाठी, ते मी विचारलं नाही.

नंदा तीन-एक महिन्यांनी परत आली आणि सामान ठेवून तशीच वर आली. बाईंचं दुखणं तोवर ओसरलं होतं, पण बोटं आणखी थोडी वाकली होती. नंदा बाळ पुढे करत होती आणि बाई हात पदराखालून काढत नव्हत्या. मग एकदम म्हणाल्या की आधी ऐकून घे. सुईनंतर माझी बोटं सुजली होती. मी गोळ्या सोडल्या होत्या, त्यानं झालं असं डॉक्टर म्हणतात, पण सगळं त्यानंच झालं हे त्यांनाही ठाऊक नाही. तुझ्यापासून मी हे लपवलं.

नंदा बाळाचं टोपडं नीट करत राहिली.

"मला ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली. "तुम्ही जिना कशा उतरायचात ते दिसायचं ना. आईंनाही दिसलं होतं."

"मग दुसरी का घेतलीस?"

"एवढं दुखत असून तुम्ही रोज माझ्या दाराशी हसत होतात. म्हटलं, यांना ती इतकी गरजेची वाटते, तर असणार."

बाई रडल्या. मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा रडताना बघितलं. आनंदानं रडल्या असं मला म्हणता येणार नाही. आपण ज्याला फसवत होतो तो फसलेलाच नव्हता, हे कळल्यावर माणूस जसं मोडतं, तसं काहीतरी ते होतं. महिनाभर त्यांनी एकटीनं ओझं वाहिलं होतं आणि खाली दोघीजणी ते बघत बसल्या होत्या.

त्यानंतर त्यांचे हात पदराखाली गेले नाहीत. पुढे दोनेक पावसाळे गेले आणि त्यांना छातीचा आजार झाला. गोळ्यांनी अंगातला जोर खाल्लेला, तो आजार त्यांना झेपला नाही. इस्पितळातल्या त्यांच्या चेहऱ्याची आठवण मला नको असते. मला त्या शेवटच्या दिसतात त्या त्याआधीच्या एका सकाळी, आरोग्य केंद्राच्या बाकावर.

मी पोस्टात जाता जाता आत डोकावले होते. बाई शाळेला जायच्या आधी तिथे बसायला लागल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. शेजारी एक अनोळखी बाई होती, पोट पुढे आलेली, कडेवर वर्षाचं मूल. ती बाईंच्या हातांकडेच बघत होती. बाईंनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते आणि त्या तिला सगळं सांगत होत्या, जूनमधला खडू, विषमज्वराची सुई, गोळ्यांचा गाढवपणा, सूज, डॉक्टरांना काय ठाऊक आहे आणि काय नाही. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी म्हणाल्या, "दुखेल. आता तू ठरव."

ती बाई बराच वेळ त्या बोटांकडे बघत बसली. मग तिनं कडेवरचं मूल उचललं, बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि बाही वर करत नर्सबाईंकडे गेली. बोटांत धरता येणार नाही म्हणून बाईंनी दोन्ही कोपरांनी त्या मुलाला वेढा घातला. मूल त्यांच्या वाकड्या करंगळीशी खेळायला लागलं. दुखत असणार, पण त्या हलल्या नाहीत.